मॉर्मन मंडळीत मुलांची 'पात्रता' नेमकी कशी पाहतात? (सोलापूरच्या अभ्यासगटासाठी माहिती हवी)

वाचनकट्टा, सोलापूर

नमस्कार. आमच्या अभ्यासगटाने यंदा चार रविवार एकाच विषयाला दिलेत : धर्म पुढच्या पिढीच्या हाती कसा सोपवला जातो. वारकऱ्यांची माळ, लिंगायत दीक्षा आणि मराठी ख्रिस्ती मंडळ्यांतलं दृढीकरण, या तिन्हींवर बोलणारी जाणती माणसं इथेच मिळाली. चौथा रविवार मॉर्मन पंथाचा आहे आणि तिथे गाडी अडली आहे. त्यांच्यात बारा वर्षांच्या पोरापोरींनाही 'तू पात्र आहेस का' असं बसवून विचारतात आणि त्यावर एक कार्ड मिळतं, एवढंच कानावर आहे. वाचायला मिळतं ते एक तर प्रचाराचं, नाहीतर रागाने लिहिलेलं.

विचारतं कोण, विचारतं काय, पुरावा म्हणून काय दाखवावं लागतं, कार्ड किती दिवस चालतं, आणि पोरगं 'नाही' म्हणालं तर पुढे काय होतं? मुलगा-मुलगी असा फरक आहे का? येणारे बहुतेक पन्नाशीच्या पुढचे आहेत आणि प्रश्न विचारल्याशिवाय राहत नाहीत, तेव्हा तपशील पक्का हवा.

बाळीवेस

फलकावर पूर्ण नाव लिहा : द चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स. 'मॉर्मन' हे नाव टाळावं असं त्यांचे तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी २०१८ मध्ये सांगितलं होतं. बोलताना मॉर्मन म्हटलं तर लोकांना कळेल, पण लिहिताना त्यांचा मान ठेवावा.

स्थापना १८३० ची, न्यूयॉर्क राज्यात, जोसेफ स्मिथ यांच्या हातून. मुख्यालय युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीत. स्थानिक मंडळीला वॉर्ड म्हणतात, तिचा प्रमुख बिशप. मंडळी लहान असेल तर ब्रँच आणि तिचा ब्रँच प्रेसिडेंट. हा बिशप पगारी नसतो आणि धर्मशाळेत शिकून आलेलाही नसतो. आठवडाभर तो इंजिनिअर, दुकानदार, मास्तर असतो, आणि काही वर्षं ही जबाबदारी सांभाळून पुन्हा बाकावर येऊन बसतो. श्रोत्यांना हे सर्वात आधी सांगा. मुलाला प्रश्न विचारणारा माणूस म्हणजे बहुधा त्याच्याच वर्गमित्राचा बाप. पुढचं चांगलं आणि वाईट दोन्ही त्यातून निघतं.

वयाचे टप्पे असे. आठव्या वर्षी बाप्तिस्मा, पूर्ण पाण्यात बुडवून. त्याआधी बिशप मुलाशी बोलतो. आठ हेच वय का? त्या वयापासून मूल आपल्या कृतीला जबाबदार धरलं जातं, ही त्यांची शिकवण. तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा ते मानत नाहीत.

ज्या वर्षी मूल बारा पूर्ण करणार, त्या वर्षीच्या जानेवारीपासून पुढची पायरी. आधी नेमका वाढदिवस धरत, २०१९ पासून जानेवारी धरतात. मुलगा डीकन होतो (पुरोहितपदाची ही पहिली पायरी), चौदाव्या वर्षाच्या जानेवारीत टीचर, सोळाव्याच्या जानेवारीत प्रीस्ट. दर वेळी आधी बिशपची मुलाखत, मग रविवारच्या सभेत नाव वाचलं जातं आणि मंडळी उजवा हात वर करून संमती देते, मग डोक्यावर हात ठेवून नेमणूक. म्हणजे पात्रतेचा अर्धा भाग बंद खोलीत आणि अर्धा सगळ्यांसमोर.

कामंही वाटून दिलेली आहेत. टीचर प्रभुभोजनाची भाकर आणि पाणी मांडतो (द्राक्षारस नाही, पाणीच). प्रीस्ट प्रार्थना म्हणतो. डीकन ताटल्या घेऊन ओळीओळीतून फिरतो. प्रार्थनेचे शब्द ठरलेले आहेत; एखादा शब्द चुकला तर बिशप खूण करतो आणि सोळा वर्षांच्या पोराला पुन्हा म्हणावी लागते.

मुलींना ही पदं नाहीत. त्यांचे वयोगटाचे वर्ग असतात, त्यांत अध्यक्ष आणि साहाय्यक नेमतात. मुलाखती मात्र दोघांना सारख्याच.

मेधा_होटगीरोड

बाळीवेस यांनी शिडी सांगितली, मी खोलीतलं सांगते.

वर्षातून दोनदा प्रत्येक मुला-मुलीची भेट होते. बिशप घेतो किंवा त्याचे दोन सल्लागार असतात त्यांपैकी एक, पण निदान एक भेट खुद्द बिशपने घ्यावी असा संकेत आहे. विषय फक्त पापाचा नसतो : प्रार्थना करतोस का, घरी कसं आहे, शाळेत काय चाललंय, कुणाला मदत केलीस. चांगला बिशप निम्मा वेळ यातच घालवतो.

कार्डाची मुलाखत वेगळी. त्या कार्डाला टेम्पल रेकमेंड म्हणतात. त्यांची रविवारची प्रार्थनाघरं कुणालाही खुली असतात, पण टेम्पल ही वेगळी इमारत, आणि त्या इमारतीचं समर्पण (धार्मिक उद्घाटन) झाल्यावर तिथे कार्डाशिवाय आत जाता येत नाही. मुलांना मिळतं ते मर्यादित कार्ड. त्यावर एकच प्रकारचं काम करता येतं : मेलेल्या पूर्वजांच्या वतीने बाप्तिस्मा घेणं. बारा बैलांच्या मूर्तींच्या पाठीवर मोठा हौद असतो, मूल त्यात उभं राहतं, पूर्वजाचं नाव घेऊन त्याला पाण्यात बुडवून वर काढतात. मृताचा आत्मा ते स्वीकारायला किंवा नाकारायला मोकळा आहे, असं ते मानतात. तुमचे श्रोते पितृपंधरवडा जाणणारे, त्यांना हा भाग लवकर कळेल.

मुलांचं कार्ड एक वर्ष चालतं आणि बिशपच्या पातळीवरच मिळतं. मोठ्यांचं दोन वर्षांचं. त्यांना बिशपनंतर स्टेक प्रेसिडेंटच्या खोलीत दुसऱ्यांदा तेच प्रश्न विचारतात. स्टेक म्हणजे अनेक वॉर्डांचा समूह.

प्रश्न छापील आहेत आणि सगळ्या जगात एकच. ऑक्टोबर २०१९ मध्ये सुधारलेली यादी जाहीर सभेत वाचून दाखवली, म्हणून आता त्यात गुपित काही नाही. बिशपने स्वतःचा प्रश्न घालायचा नाही, असलेला गाळायचा नाही. सुरुवातीचे श्रद्धेचे : देव, येशू, पवित्र आत्मा यांवर विश्वास आहे का, जोसेफ स्मिथ यांच्यामार्फत शुभवर्तमान पुन्हा दिलं गेलं हे मानतोस का, चर्चच्या अध्यक्षाला प्रेषित म्हणून पाठिंबा देतोस का. मग वागण्याचे : विचारात आणि कृतीत शुद्धता राखायचा प्रयत्न करतोस का, लैंगिक शुद्धतेचा नियम पाळतोस का, चर्चच्या शिकवणीविरुद्धच्या गोष्टींना पाठबळ देतोस का, शब्बाथ (देवासाठी राखलेला रविवार) पाळतोस का, व्यवहारात प्रामाणिक आहेस का, पूर्ण दशमांश देतोस का, 'वर्ड ऑफ विजडम' (खाण्यापिण्याचा नियम) पाळतोस का. घटस्फोटित जोडीदाराला द्यायच्या पैशांचा आणि टेम्पलमधल्या शपथांचा प्रश्न मोठ्यांपुरता. शेवटचा प्रश्न असा : प्रभूच्या घरात जायला तू स्वतःला पात्र समजतोस का?

आता पुरावा. कागद मागत नाहीत, साक्षीदार बोलवत नाहीत, आईवडिलांना बाजूला घेऊन खरंखोटं करत नाहीत. मूल 'हो' म्हणालं की 'हो' धरायचं. बिशपला पवित्र आत्म्याकडून जाणीव होते अशी श्रद्धा आहे, त्यामुळे एखाद्या उत्तरावर तो थांबून 'नक्की?' असं विचारतो. पण शेवटचा निवाडा मुलाच्या तोंडून वदवून घेतलेला असतो, आणि मला वाटतं तुमच्या रविवारचा गाभा हाच ठेवावा. नियम दुसऱ्याने केलेला, निकाल मात्र स्वतः द्यायचा, तोही ज्याच्या हातात कार्ड आहे त्याच्या डोळ्यांत बघून.

वाचनकट्टा, सोलापूर

मेधाताई, बाळीवेस, मनापासून आभार. दोन गोष्टी अजून. 'वर्ड ऑफ विजडम' मध्ये चहा बंद म्हणे. तो कोणता चहा? आणि दशमांश मुलाने कशातून द्यायचा?

शेखर_विजापूररोड

मूळ वचन १८३३ चं. आजचा अर्थ : दारू, तंबाखू, चहा, कॉफी आणि नशेचे पदार्थ बंद. चहा म्हणजे चहाच्या झाडाच्या पानांचा. काळा असो, हिरवा असो, थंड बाटलीतला असो, फरक नाही. गवती चहा चालतो, सुंठ-तुळशीचा काढा चालतो, पण त्यात चहापत्तीची चिमूट पडली की नाही. कोको चालतो. कोलावर बंदी नाही, हे लोकांना खरं वाटत नाही पण तसंच आहे. मुद्दा उत्तेजक द्रव्याचा असता तर कोलाही गेला असता. इथे मुद्दा आज्ञेचा आहे. २०१९ मध्ये त्यांच्या युवकांच्या मासिकातून वेपिंग, ग्रीन टी आणि नावं बदलून विकली जाणारी कॉफीची पेयं यांबद्दल मुलांना मुद्दाम स्पष्ट सांगितलं, कारण पोरं नेमक्या त्याच फटीतून जात होती. मांस बंद नाही, बेताने खावं असं वचनात आहे, आणि त्यावर मुलाखतीत वेगळा प्रश्न नसतो.

सोलापुरात हा नियम समजवायला माळकऱ्याचं उदाहरण घ्या. माळ घातली की मटण-दारू सुटली, आणि गावाला ती माळ दिसते. पण माळकऱ्याला दर वर्षी कुणी खोलीत बसवून 'अजून पाळतोस का' असं विचारत नाही. माळ घालतानाच्या शब्दावर ती आयुष्यभर चालते. तिकडचं कार्ड मात्र वर्षाने संपतं आणि शब्द नव्याने द्यावा लागतो.

दशमांश म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा. खाऊच्या पैशांतून ५०० मिळाले तर ५०. लहान मुलांना पाकीट आणि पावती भरायला घरीच शिकवतात, आता ऑनलाइनही देता येतं. उत्पन्न कशाला म्हणायचं, कर जाऊन की करासकट, वाढदिवसाला मिळालेले पैसे धरायचे का, हे चर्च ठरवून देत नाही. वर्षअखेरीस कुटुंबं बिशपला भेटतात आणि प्रत्येक जण, मूलसुद्धा, सांगतं की दिला तो पूर्ण होता, अर्धवट होता की दिलाच नाही. मेधाताईंच्या म्हणण्याला इथे एक पुरवणी जोडतो : दिलेल्या रकमेची नोंद बिशपसमोर असते. उत्पन्न किती हे तो विचारत नाही, पण पाटी कोरी असेल तर त्याला दिसते. बाकी सगळ्या प्रश्नांत फक्त शब्द, इथे थोडा आकडाही.

उपासाचं सांगायचं राहिलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी पाठोपाठची दोन जेवणं सोडतात, पाणीही घेत नाहीत, आणि वाचलेल्या अन्नाच्या किमतीचं दान गरिबांसाठी देतात. कार्डाच्या यादीत याचा थेट प्रश्न नाही.

मेधा_होटगीरोड

शेखरदादा, बरोबर, नोंदीचा मुद्दा घ्यायलाच हवा.

पूर्वी आकडे बरेच होते, आता कमी झालेत. २०१९ अखेरपर्यंत मुलींसाठी 'पर्सनल प्रोग्रेस' होतं : आठ मूल्यं, प्रत्येकात ठरलेले अनुभव, साधारण दहा तासांचा एक प्रकल्प, वहीत मोठ्यांची सही, आणि पूर्ण झालं की गळ्यात पदक. मुलांसाठी 'ड्युटी टू गॉड' होतं आणि सोबत बॉय स्काउट्स. स्काउट्सशी असलेला जुना संबंध ३१ डिसेंबर २०१९ ला संपला. जानेवारी २०२० पासून एकच कार्यक्रम : आध्यात्मिक, सामाजिक, शारीरिक, बौद्धिक, या चार बाबतींत मुलाने स्वतःच ध्येय ठरवायचं. युवकांसाठीची आचरणाची पुस्तिका १९६५ पासून आहे. तिच्या आधीच्या आवृत्तीत गोंदण नको, मुलींनी कानात एकच जोडी घालावी, असं नेमकं लिहिलेलं असे. ऑक्टोबर २०२२ च्या आवृत्तीने अशी यादी काढली आणि तत्त्वं दिली, निवड तुझी.

बाहेरून हे मोकळं वाटतं, आणि बऱ्याच मुलांना ते मोकळं वाटतंही. पण हळव्या, काटेकोर मुलासाठी ते जड होतं. कानातली एक जोडी मोजता येते. 'तुझ्या वागण्यातून येशूचा आदर दिसतो का' हे मोजता येत नाही.

सुनंदा_समुपदेशक

मी धर्मावर बोलणार नाही. या पद्धतीत कुठे बिघडतं तेवढंच लिहिते, कारण व्याख्यानात हा भाग गाळला जाऊ नये.

सगळ्यात मोठा वाद लैंगिक शुद्धतेच्या प्रश्नाचा. छापील प्रश्न एक ओळीचा आहे. पण तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला त्या ओळीत काय काय येतं ते कळत नाही, म्हणून ते गप्प बसतं, आणि मग काही बिशप खुलासा म्हणून पुढचे प्रश्न विचारत गेले. एकटं मूल, बंद दार, प्रशिक्षण नसलेला प्रौढ पुरुष. यावर अमेरिकेत मोठं आंदोलन झालं. ह्यूस्टनचे माजी बिशप सॅम यंग यांनी २०१८ मध्ये त्यासाठी उपोषण केलं; त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये चर्चने त्यांचं सदस्यत्व काढून घेतलं. त्याच वर्षी नियमही बदलले : मार्चमध्ये, मुलाची इच्छा असेल तर आई-वडील किंवा दुसरं कुणी मोठं माणूस आत बसू शकतं, जूनमध्ये, मुलांच्या मुलाखतीचे प्रश्न प्रसिद्ध केले, म्हणजे घरी आधी वाचता येतात. एकांतात मुलाखत पूर्ण बंद करा ही मागणी मान्य झाली नाही. 'मुलाची इच्छा असेल तर' यातली अडचण तुम्हीच ओळखा : बारा वर्षांची मुलगी बिशपला 'आई आत हवी' असं म्हणेल का? म्हणून जाणते पालक आधीच घरी विचारून ठेवतात आणि दारात स्वतः सांगतात, म्हणजे ते ओझं मुलीवर पडत नाही.

दुसरी गोष्ट ताटलीची. मोठी चूक कबूल केली तर बिशप काही आठवडे किंवा महिने प्रभुभोजन घेऊ नको, सभेत प्रार्थना करू नको, कार्ड वापरू नको असं सांगू शकतो. किती दिवस याचा तक्ता नाही, तो ठरवेल तसं. कबुली गुप्त ठेवायची असते आणि बहुतेक बिशप ती ठेवतात. पण ताटली हातोहात सरकते, आणि सोळा वर्षांचा प्रीस्ट सलग तीन रविवार टेबलामागे दिसला नाही की सांगावं लागत नाही. मुलींच्या बाबतीत हे इतकं उघड होत नाही, कारण त्यांना टेबलामागचं काम नाही. तरी मैत्रिणी टेम्पलला निघाल्या आणि एक घरी राहिली, तर ते दिसतंच.

यातून दोन टोकं तयार होतात. काही मुलं सरळ खोटं 'हो' म्हणतात, आणि पुढची कित्येक वर्षं ते मनात घेऊन फिरतात. काही मुलं उलट, क्षुल्लक गोष्टीसाठी पुन्हा पुन्हा बिशपकडे जातात, माफी मिळाली तरी पटत नाही, तीच कबुली वेगळ्या शब्दांत देतात. दुसरं टोक मंत्रचळाच्या आजाराजवळ जातं. तिथे आणखी एक मुलाखत उपयोगी पडत नाही, कारण प्रत्येक दिलासा पुढच्या शंकेला जन्म देतो. अशा मुलाला उपचार लागतात, आणि समजूतदार बिशप स्वतःच तसं सुचवतो. हे वाचून कुणी आपल्याकडच्या सोवळ्या-ओवळ्याचा विचार करत असेल तर जरूर करावा, पण त्या रविवारी विषय भरकटू देऊ नका.

आणि हेही तितकंच खरं : ज्या मुलाच्या घरी कुणी नीट बोलत नाही, त्याला वर्षातून दोनदा एक मोठा माणूस फक्त त्याच्यासाठी वेळ काढून समोर बसतो. त्याचं मोल कमी नाही. माझा आक्षेप दारं बंद करण्याला आणि वय न पाहता तेच प्रश्न विचारण्याला आहे, भेटीला नाही.

शेखर_विजापूररोड

थोडक्यात पुढचे टप्पे, कारण कार्ड बारा-सतराव्या वर्षी संपत नाही.

चौदा ते अठरा वयात चार वर्षांचा शास्त्राभ्यास असतो, त्याला सेमिनरी म्हणतात. युटात शाळेला लागूनच वेगळी इमारत असते आणि शाळेच्या वेळेतच तासभर सुटी मिळते. इतर ठिकाणी पहाटे शाळेआधी भरते. पहिली सेमिनरी १९१२ मध्ये सॉल्ट लेक सिटीत सुरू झाली.

मग मिशन, म्हणजे घर सोडून धर्मप्रचाराला जाणं. मुलांना १८ व्या वर्षापासून, हा नियम २०१२ चा. मुलांचं मिशन २४ महिने, मुलींचं १८. मुलांसाठी ते कर्तव्य मानतात, मुलींसाठी ऐच्छिक. पुन्हा बिशप आणि स्टेक प्रेसिडेंट अशा दोन मुलाखती, शिवाय डॉक्टर आणि दातांच्या डॉक्टरचे फॉर्म. इथे दबाव सर्वात जास्त. मित्र एकामागून एक निघालेले असतात, निरोपाच्या सभेची तारीख घरचे ठरवून बसलेले असतात, आणि अशा वेळी 'थांब, तू अजून तयार नाहीस' हे ऐकणं म्हणजे सगळ्या मंडळीला कळणं. लपवून गेलेली मुलं मिशनवर कबुली देऊन मधूनच परततात, ते आणखी अवघड.

युटातल्या प्रोव्हो शहरात चर्चचंच ब्रिगहम यंग विद्यापीठ आहे, तिथे शिकायचं तर दर वर्षी धर्मगुरूची शिफारस लागते. इतर धर्मांच्या विद्यार्थ्यांनाही शिफारस आणि ऑनर कोड (विद्यापीठाचे आचारनियम) चुकत नाही. सोलापूरचा मुलगा तिथे गेला तर त्यालाही कँपसबाहेरसुद्धा चहा-कॉफी बंद आणि दाढी नको, हे अर्ज भरण्याआधीच माहीत असलेलं बरं.

बाळीवेस

मुलाखतीइतकाच एक पुरावा कुणी सांगितला नाही : साक्ष. पहिल्या रविवारी, म्हणजे उपासाच्याच दिवशी, सभेत ठरलेला वक्ता नसतो. ज्याला वाटेल त्याने व्यासपीठावर जाऊन साक्ष द्यायची. पाच-सहा वर्षांची मुलंही जातात, आई कानात सांगते आणि मूल माईकमध्ये म्हणतं : हे चर्च खरं आहे हे मला माहीत आहे. 'मला वाटतं' असं सहसा म्हणत नाहीत, 'मला माहीत आहे' म्हणतात. ज्या किशोरवयीन मुलाला अजून खात्री झालेली नाही, त्याची अडचण इथे होते. त्याला शिकवण अशी की साक्ष देता देताच ती पक्की होते. काहींची होते. काहींना मात्र पुढे कळत नाही की आपण मानतो म्हणून म्हणत आलो, की म्हणत आलो म्हणून मानतो.

प्रत्यक्ष पाहायचं असेल तर सोलापूरहून हैदराबाद गाठा, अंतर साधारण ३०० किलोमीटर. भारतातलं पहिलं स्टेक तिथेच, मे २०१२ मध्ये स्थापन झालं. बंगळुरूला टेम्पल बांधायची घोषणा २०१८ ची आणि पायाभरणी डिसेंबर २०२० ची, पण तुमच्या कामाला प्रार्थनाघरच पुरेसं आहे. शक्यतो महिन्याचा पहिला रविवार धरा, म्हणजे साक्षी ऐकायला मिळतील. सभेची वेळ आणि पत्ता चर्चच्या संकेतस्थळावर आधी बघा. आत जायला कार्ड लागत नाही, दान मागत नाहीत. ताटली आली तर न घेता शेजाऱ्याकडे सरकवली तरी चालतं. प्रार्थना चालू असताना फोटो काढू नका, आणि मुलांना मुलाखतीबद्दल थेट काही विचारू नका. बिशपला विचारा, ते मोकळेपणाने सांगतात. यादी छापून नेलीत तर एकेका प्रश्नावर बोलता येईल. चर्चची नियमपुस्तिका २०२० पासून सगळ्यांसाठी खुली आहे, मुलाखतींचं प्रकरण तिच्यात ३१ वं आणि टेम्पल रेकमेंडचं २६ वं.